वीस पट

डबा मोठा होता, वर छापलेलं: बाराशे पट.
चित्रातला गोरा पोरगा
माशीच्या डोळ्यात बघून हसत होता.
खडेबाजारातल्या त्या दुकानात मी तोच उचलला.
कांड्या भरून भरून साठवलेल्या पैशाला
आकडा मोठा मिळाला तर बरं वाटतं.

शाकंभरी उंच स्टुलावर चढली.
"एक डोळा मिट," मी म्हटलं.
तिनं दोन्ही मिटले.
पुन्हा सांगितलं. पुन्हा दोन्ही.
मग तळहातानं एक झाकून वाकली आणि म्हणाली,
"आई, आत काळा कोळी हाय, पाय हलवालाय."
भरमण्णा गालात हसले.
तिचीच पापणी.

"नोडव्वा," म्हणाले, आणि मग मराठीत आले,
जसं इथं बाजारात सगळेच येतात-जातात,
चप्पल न काढता.
"सहा वर्षांच्या पोरीला बाराशे पट म्हणजे
घागर विहिरीत आणि दोर घरात.
नुसता अंधार दिसतो, हात लागला की हलतो,
महिन्यात डबा कपाटावर जातो.
माझ्या नातवाचा गेला.
हे बघ. वीस पट. बास.
दोन्ही डोळ्यांनी बघायचं, देवानं दिलेत तसे.
काप काढायचे नाहीत, काचेवर थेंब सोडायचा नाही,
हाताला लागेल ते खाली ठेवायचं."

लोखंडी होतं, कुठल्याशा कॉलेजातून परत आलेलं,
एका अंगाचा हिरवा रंग उडालेला,
वरवंट्यासारखं जड.
आकडा साठपट लहान, किंमत मात्र थोडी जास्तच.
मी पैसे दोनदा मोजले.
मग दिले.

वडगावात आमच्या गल्लीत
संध्याकाळी माग थांबत नाहीत.
टेबल थरथरतं, आणि वीस पटीत
टेबलावरचं मीठसुद्धा भूकंपात सापडतं.
म्हणून जमिनीवर वाकळेची चौघडी,
चौघडीवर यंत्र, बाजूला माझ्या मोबाइलची बॅटरी
आणि शाकू पोटावर पालथी.

मीठ: "विटा."
साखर: "ह्या पण विटा, कोपरे फुटलेल्या."
कुंद्याचा कण: "चिखल."
एवढं म्हणून तो खाल्लाच, पुन्हा बघायला उरला नाही.
परसातली तांबडी माती: "हिच्यात काचा हायत गं!"
मग स्वतःचं बोट ठेवलं. नखातला मळ,
ज्यावर मी आठवडाभर ओरडत होते.
तिनं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
उठून मोरीत गेली.

मेलेल्या मुंगीशी मात्र ती गप्प झाली.
बराच वेळ.
"हिला केस हायत," म्हणाली. "कुणीतरी विंचरलेत."

हे जेवायला आले. त्यांच्या खिशात
घडीचं पितळी भिंग असतंच,
इंचात किती धागे बसले ते मोजायला.
बावीस वर्षं मोजतायत, एक डोळा मिटून.
त्यांनी साडीच्या काठाचा तुकडा दिला: "ह्यातले मोज."

शाकूला मोजायचं नव्हतं.
"बाबा, उभे तांबडे संपले, निळे लागले,
पण आडवा हिकडून तिकडं सरळ गेलाय की.
काठापाशी थांबलाच नाही."
"थांबला तर काठ सुटेल," हे म्हणाले, भाकरी मोडत.
ते धोट्याबद्दलच बोलत होते.

"आणि हिथं एक तुटलाय."

"कुठं?"
हात न पुसताच ते पालथे झाले,
पोरीच्या शेजारी, तिच्याएवढे.
आधी सवयीनं एक डोळा मिटला.
शाकूनं कोपर मारलं. "दोन्ही उघडा."

भाकरी गार झाली.
शेजारचा माग खटखटत होता, वाकळ असूनही
आत धागे हलत असणार.
मी दोनदा हाक मारली.
शाकू त्यांचा शर्ट ओढाय लागली,
"उठा की बाबा, माझी पाळी."

"थांब जरा," ते म्हणाले. "बघालोय."